चार्जिंग केंद्राची एकमेव लाभार्थी

कोणत्याही सार्वजनिक सोयीचे दोन भाग असतात. एक, तिची गरज सिद्ध करणं. दोन, ती गरज भागवणं. पहिला भाग किचकट आणि कागदोपत्री असल्यामुळे जाणते लोक तो आधी उरकतात. दुसरा भाग राहून गेला तरी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तो ज्यांच्यासाठी असतो त्यांना बैठकीचं बोलावणं नसतं. मी आमच्या समाजभवनाच्या समितीचा सहचिटणीस आहे. गेल्या दीड वर्षात आम्ही हे तत्त्व ज्या नेटाने पाळलं त्याची कुठेतरी नोंद असावी, म्हणून हा मजकूर.

आमचं समाजभवन म्हणजे एक सभागृह, एक कपाटभर वाचनालय (किल्ली चिटणिसांकडे), जाळी हरवलेलं टेबल टेनिसचं टेबल आणि मागच्या अंगाला शिवणवर्गाची खोली. भवनाचा वापर नेमका कोण करतं याची समितीने एकदा शास्त्रशुद्ध पाहणी केली होती. एकूण वापरापैकी साठ टक्के वाटा शिवणवर्गाचा निघाला, पंचवीस टक्के समितीच्या बैठकांचा आणि उरलेले पंधरा टक्के त्या बैठकांसाठी खुर्च्या मांडण्याचा आणि उचलण्याचा. हा अहवाल आम्ही स्वीकारला आणि कपाटात ठेवला.

शिवणवर्ग चालवते ती ताई. ती माझी सख्खी मामेबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. पण समितीच्या कामात नाती आणायची नाहीत असा आमचा दंडक असल्यामुळे मी तिचा उल्लेख पुढे जपून करीन. लहानपणीच्या आजारात तिचे पाय गेले. बॅटरीवर चालणाऱ्या खुर्चीतून ती सकाळी दहाला भवनात येते, आल्या आल्या खुर्चीचा चार्जर खिडकीखालच्या सॉकेटला लावते आणि पाच वाजेपर्यंत आठ-दहा बायकांना बाह्या आणि गळे बेतायला शिकवते. खुर्ची जुनी आहे आणि त्या बनावटीची बॅटरी आता निघत नाही. घरून भरून आणलेली बॅटरी भवनापर्यंत कशीबशी पुरते. परतीची बॅटरी भरते ती भवनातच. म्हणजे तो सॉकेट नसेल तर ताई भवनात येऊ शकते, फक्त घरी जाऊ शकत नाही. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. समितीने त्यात लक्ष घातलं नव्हतं, त्यामुळे सुरळीत चाललं होतं.

अशात समाजभवनांच्या आवारात विजेवरच्या वाहनांसाठी चार्जिंग केंद्रं उभारायला निधी देण्याची योजना आली. योजनेची पुस्तिका शेहेचाळीस पानांची होती. त्यात ‘भवन’ म्हणजे काय, ‘आवार’ म्हणजे काय, ‘समाज’ म्हणजे काय (सव्वा पान) हे सगळं खुलासेवार दिलं होतं. ‘वाहन’ म्हणजे काय ते एकोणचाळिसाव्या पानावर होतं. समितीतलं कोणीच एकविसाव्या पानापुढे गेलं नाही, कारण एकविसाव्या पानावर निधीचा आकडा होता.

आमचे अध्यक्ष प्लायवूडचे व्यापारी आहेत. त्यांनी आकडा वाचला आणि पर्यावरणाची अवस्था किती बिकट आहे यावर पंचवीस मिनिटं बोलले. त्यापूर्वी ते या विषयावर कधी बोलल्याचं कोणाला आठवत नाही, पण माणसाला कळवळा केव्हा येईल ते सांगता येत नाही. ठराव एकमताने मंजूर झाला.

अडचण अर्जातल्या एका प्रश्नावर आली. भवनात सध्या विजेवरची किती वाहनं येतात, किती वेळा येतात आणि सरासरी किती वेळ थांबतात, असा तो प्रश्न होता. उत्तर शून्य असेल तर गरज शून्य, गरज शून्य तर निधी शून्य. शेजारच्या वस्तीतल्या भवनाने प्रामाणिकपणे शून्य लिहिलं होतं आणि त्यांचा अर्ज आठवड्यात परत आला होता. (प्रामाणिकपणाची दखल इतक्या लवकर घेतली गेल्याचं हे आमच्या माहितीतलं एकमेव उदाहरण.) वाहनं का नाहीत, तर चार्जिंगची सोय नाही. सोय का नाही, तर वाहनं नाहीत. हा तिढा सोडवायला मी, अध्यक्ष आणि चिटणीस तीन दिवस भवनाच्या पायऱ्यांवर वही घेऊन बसलो. तीन दिवसांत दोनशे चौदा वाहनं समोरून गेली. त्यातलं विजेवरचं एक. ते एका सामान पोचवणाऱ्याचं होतं आणि तो आमच्याकडे पत्ता विचारायला थांबला होता. त्याला आम्ही आत येऊन बसण्याचा बराच आग्रह केला, पण तो घाबरून निघून गेला.

तिसऱ्या दिवशी पाच वाजता ताईची खुर्ची उतारावरून खाली आली. चिटणीस निवृत्तीपूर्वी वजनमापं खात्यात होते. अजूनही समोर येणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे ते तिचं वजन किती भरेल अशा नजरेने बघतात. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. चार चाकं. मोटार. बॅटरी. भोंगासुद्धा. ते हळूच म्हणाले, “अहो, ही रोज येते.” अकरा वर्षं ताई आमच्या समोरून जात-येत होती, ती समितीला पहिल्यांदा दिसली ती त्या संध्याकाळी.

अर्जात आम्ही लिहिलं: विजेवरचं वाहन, एक. येण्याची वारंवारता, आठवड्यातून सहा दिवस. सरासरी मुक्काम, सात तास. चार्जिंगची सद्यःस्थिती, भवनातील सॉकेटवरून. यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि समितीच्या इतिहासात असा अर्ज दुसरा नाही. वाहनधारकाची सही हवी होती ती मी आणली. ताईने चष्मा चढवून अर्ज वाचला आणि विचारलं, “माझी खुर्ची लागेल ना रे त्याला? हा खिडकीखालचा सॉकेट सैल झालाय, कधीकधी धरतच नाही.”

“तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं,” मी म्हटलं.

हे मी मनापासून म्हटलं होतं. पुस्तिका पूर्ण वाचलेली नसली की माणूस बऱ्याच गोष्टी मनापासून म्हणू शकतो.

गरजेच्या सदरात आम्हाला शंभरपैकी सत्त्याण्णव गुण मिळाले. (तीन गुण ताईचं वय पन्नाशीपुढचं असल्यामुळे गेले, योजनेचा रोख तरुणांकडे आहे.) मंजुरीच्या पत्रासोबत चौदा अटी आल्या. त्यातली सहावी अशी की, भवनात सध्या अन्यत्र कुठे वाहन चार्ज होत असल्यास ते आगीच्या दृष्टीने धोकादायक असून तात्काळ बंद करावं आणि तसा दाखला जोडावा. आता भवनात वाहन चार्ज होतं हे आम्हीच लेखी कळवलेलं. नाकारायचं कसं? अध्यक्ष म्हणाले की एवढं मोठं काम होत असताना एका सॉकेटचा प्रश्न काय घेऊन बसायचा. वायरमनला बोलावलं. कुठला सॉकेट बंद करायचा असं त्याने विचारलं, तेव्हा चिटणिसांनी दूरदृष्टी दाखवली. ते म्हणाले, एक बंद केला तर ती दुसऱ्याला लावील. तेव्हा बसल्या जागेवरून तिचा हात पोचेल असे भवनातले सगळे सॉकेट, एकूण पाच, बंद करून त्यांवर लाखेचं सील लावण्यात आलं आणि यंत्र बसेपर्यंत वर्गाला सुट्टी देण्यात आली. शिवणयंत्रांचा सॉकेट सात फुटांवर सरकवण्यात आला. त्यासाठी ताईला हात वर करायला लावून टेपने माप घेतलं. टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं.

यंत्र आलं ते खरोखर देखणं होतं. माणसाच्या उंचीची पांढरी पेटी, हिरवा दिवा आणि बागेतल्या पाण्याच्या नळीएवढी जाड केबल. तिच्या टोकाला पिस्तुलासारखी मूठ आणि मुठीच्या तोंडाला सात भोकं. ताईच्या चार्जरला तीन पिनांचा साधा प्लग आहे. उद्घाटनाला निधी विभागाचे निरीक्षक आले होते. योजनेच्या पुढच्या पुस्तिकेसाठी त्यांना लाभार्थीचा फोटो हवा होता. ताईला टेम्पोतून बोलावून यंत्रासमोर आणलं, तिच्या मांडीवर ती मूठ ठेवली आणि हसायला सांगितलं. तिने मूठ उलटसुलट करून पाहिली, खुर्चीच्या बाजूला हात घालून आपला प्लग चाचपला आणि सगळ्यांदेखत विचारलं, “हे लावायचं कुठे?”

निरीक्षक हसले. अध्यक्ष हसले. टाळ्या वाजल्या. फोटो छान आला आहे. नव्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तोच आहे. ताईची मान जरा खाली आहे, पण ती यंत्राकडे कौतुकाने बघते आहे असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी, घरची बॅटरी जाऊन-येऊन पुरेल या आशेवर, ताई नेहमीप्रमाणे आली. पाचला निघाली आणि औषधांच्या दुकानाच्या वळणावर खुर्ची बंद पडली. मला फोन आला. बंद पडलेली खुर्ची ब्रेक सोडून ढकलता येते, पण ती माणसासकट दीडशे किलोच्या घरात जाते. मी, माझी बायको आणि औषधाच्या दुकानातला एक कामगार अशा तिघांनी ती घरापर्यंत नेली. चढावर बायकोने दम घ्यायला थांबून मला विचारलं, तुमच्या समितीत कोणी शहाणं माणूस नाही का. मी सांगितलं की समितीचे निर्णय एकमताने होतात. दाराशी पोचल्यावर ताईने माझ्या बायकोला चहाला थांबायला सांगितलं. मला नाही.

तिसऱ्या दिवशी वर्गातल्या बायकांनी स्टुलावर चढून ताईचा चार्जर त्या सात फुटांवरच्या सॉकेटला लावला. दुपारपर्यंत ही गोष्ट अध्यक्षांच्या कानावर गेली. त्यांनी बायकांना शांतपणे समजावलं की आपण दिलेला दाखला यामुळे खोटा ठरतो आणि खोटेपणा आपल्याला खपणार नाही. स्टूल जप्त झालं. बायकांकडून हमीपत्रं लिहून घेतली. त्यानंतर ताई आली नाही. ताई नाही म्हणून वर्ग नाही, वर्ग नाही म्हणून भवनाचा साठ टक्के वापर थांबला आणि बैठकांचं प्रमाण (खुर्च्या धरून) आपोआप वाढून शंभर टक्क्यांवर गेलं.

ताईने सगळं विसरून घरी बसायला हवं होतं, पण आमच्या मामांकडचे लोक चिवट. तिने रीतसर अर्ज केला की एक सॉकेट उघडून मिळावा. तो अर्ज आम्ही विभागाकडे पाठवला. विभागाने एकोणचाळिसावं पान उघडून कळवलं की वाहन म्हणजे नोंदणी क्रमांक असलेलं वाहन, क्रमांक कळवावा. नोंदणी कार्यालयाने सांगितलं की खुर्ची हे वाहन नव्हे, वैद्यकीय साधन आहे. मग वैद्यकीय साधन म्हणून सॉकेट द्या, असं ताईने लिहिलं. त्यावर विभागाचं उत्तर आलं की सदर वस्तू मंजूर अर्जात वाहन म्हणून नमूद असल्याने तिला आता वैद्यकीय साधन मानता येत नाही. म्हणजे चार्ज करून घेण्यापुरती खुर्ची वाहन नव्हती, आणि चार्ज करू न देण्यापुरती होती. इतकं नेमकं उत्तर मी माझ्या सार्वजनिक आयुष्यात वाचलेलं नाही.

इकडे यंत्राला सहा महिने झाले. अट अशी होती की वर्षात तीनशे तास वापर दिसला पाहिजे, नाही तर यंत्र काढून नेणार. वापर किती झाला होता, तर उद्घाटनाच्या दिवशी चार मिनिटं. (तीही हिरवा दिवा लागतो का ते बघायला.) चिटणिसांनी पुन्हा पुस्तिका काढली. जिथे वापर यंत्रात आपोआप नोंदला जात नाही, तिथे नोंदवहीतली लाभार्थीची सही ग्राह्य धरावी, असं कलम होतं. आणि आमच्याकडे लाभार्थी होती. फोटोसकट होती.

मी वही घेऊन ताईकडे गेलो. ती खिडकीशी बसली होती. समोरच्या पलंगावर एक बेतलेला, न शिवलेला कपडा होता. मी विषय काढला. यंत्र गेलं तर तुझ्यासारख्यांचं नुकसान होईल, असंही म्हणालो. तिने वही हातात घेतली, रकाने वाचले: दिनांक, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही.

“मी रोज तिथे येते असं लिहायचं?”

“फक्त नोंदीपुरतं.”

“मग मला खरंच येऊ दे ना रे. एक सॉकेट उघडा. मी रोज सही करीन, दोनदा करीन. आठ बायका घरी बसल्यात. त्यातल्या दोघींना मी पुरतं शिकवून दिलं असतं तर त्या आज कमावत्या झाल्या असत्या. मला या खिडकीतून बघायला काही नाही. समोर भिंत आहे.”

मी म्हटलं की पुढच्या बैठकीत विषय घेतो. तिने वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “खोटी सही मी करणार नाही. तू जा आता.”

मला तेव्हा लाज वाटली, हे मी नाकारत नाही. खूप वाटली. लहानपणी मला गुंडी लावायला शिकवली ती ताईने. ही लाज साधारण भवनाच्या फाटकापर्यंत टिकली. तिथे अध्यक्ष आणि चिटणीस उभे होते आणि चिटणिसांना पुढचं कलम सापडलं होतं: लाभार्थी प्रकृतीच्या कारणाने येऊ शकत नसल्यास तिच्या वतीने जवळच्या नातेवाइकाने सही केली तरी चालेल. अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले की नातं कधी ना कधी कामाला येतंच. आमचा नात्यांबद्दलचा दंडक त्या दिवशीपुरता शिथिल झाला.

तेव्हापासून मी रोज सही करतो. आल्याची वेळ दहा, गेल्याची पाच. वापराचे तीनशे तास दीड महिन्यातच भरले आणि वर्ष संपायला आलं तेव्हा सर्वाधिक वापराचं केंद्र म्हणून आमच्या भवनाची निवड झाली. इतकी वर्दळ असलेल्या केंद्राला प्रतीक्षागृह हवं, असं विभागाचंच म्हणणं पडलं. त्यासाठी वेगळा निधी आहे. भवनात रिकामी खोली एकच, शिवणवर्गाची. ती प्रतीक्षागृहाला द्यायचं ठरलं आहे. शिवणयंत्रं तळघरात जातील. तिथे उतरायला अठरा पायऱ्या आहेत. एकदा का ते झालं की सॉकेट उघडला काय आणि न उघडला काय, ताईला यायला जागाच उरणार नाही.

अर्थात आम्ही मनमानी करत नाही. खोलीच्या वापरात बदल करायचा तर लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, तीस दिवसांची मुदत द्यावी लागते. सूचना भवनाच्या दारावर ठळक अक्षरांत लावली आहे. साध्या कागदावर नाव, पत्ता आणि सही एवढं पुरे. शुल्क नाही. (लाभार्थी आणि हमीपत्र दिलेल्या बायका यांची हरकत मात्र धरली जात नाही.) सहचिटणिसाचा मामेभाऊ असण्याची गरज नाही. एक जरी हरकत आली तरी नियमानुसार खोलीचं काम थांबतं आणि सुनावणी घ्यावी लागते. मग ताईला बोलावणं भाग, तिचं ऐकून घेणं भाग, आणि कदाचित सॉकेटही उघडावा लागेल. अध्यक्षांना या एका गोष्टीची थोडी धाकधूक होती.

ती आता राहिलेली नाही. ही सगळी हकिकत मी गेल्या एकवीस दिवसांत शंभरेक लोकांना सांगितली आहे, आत्ता तुम्हाला सांगितली तशीच, काही न लपवता. ऐकून प्रत्येकाला वाईट वाटलं. काहींचे डोळे भरून आले. एका गृहस्थांनी माझा हात धरून, तुमच्यासारखी मनातलं बोलणारी माणसं राहिली नाहीत, असंही म्हटलं. काही जण माझ्यावर चिडले, आणि ते मला मान्य आहे. मग सगळे आपापल्या कामाला गेले.

मुदत संपायला अजून नऊ दिवस आहेत. तरी अहवाल वेळेत जावा म्हणून हरकतींच्या रकान्यात ‘निरंक’ असं आम्ही आजच लिहून टाकलं. चिटणीस म्हणत होते की निदान पेन्सिलीने लिहू, न जाणो कोणी वाचणारा उठून आलाच तर खोडता येईल. मी त्यांना म्हटलं, घाबरू नका, वाचणाऱ्यांना मी चांगला ओळखतो. शाईने लिहा.